बॅग न येणारा रविवार

रविवारी दुपारी दारात कुणी येऊ नये म्हणून देवाला हात जोडणारी बाई अख्ख्या विहितगावात एकच होती, आणि ती म्हणजे अंबूबाई. माणसांचा तिला कंटाळा होता असं नाही. एरवी ओळखीचं कुणी नुसतं गल्लीतून जाताना दिसलं तरी ती चहाला हाक मारायची आणि नको म्हणणाऱ्याशी भांडायची. पण रविवारी एक-दीडच्या सुमाराला जो यायचा तो हिरव्या कॅनव्हासची बॅग खांद्यावर घेऊन यायचा. त्या बॅगेत सोळा मळक्या जर्सी असायच्या, आणि बॅग आली याचा अर्थ एकच होता. वालदेवी हॉकी क्लब हरला.

नवख्या माणसाला हे जरा उलगडून सांगायला हवं. क्लबाकडे जर्सींचा सेट एकच. खेळाडूंच्या घरी धुवायला दिल्या की सोळातल्या दोन कधी परत येत नाहीत, म्हणून सगळ्या जर्सी एकाच घरी धुवायच्या असं फार पूर्वी ठरलं. अंबूबाईचा नवरा बारकू क्लबाचा गोलकीपर होता आणि त्याचं घर वस्तीच्या खालच्या अंगाला, जिथं नळ दुपारपर्यंत चालायचा. त्यामुळे लग्न होऊन आल्यावर चौथ्या महिन्यात अंबूबाईच्या पुढ्यात ही बॅग आली ती कायमची. जर्सी पांढऱ्या. मुरमाच्या मैदानावर खेळणाऱ्या टीमला पांढरा रंग ज्यानं सुचवला त्यानं जन्मात एक रुमाल धुतला नसणार, असं अंबूबाईचं मत होतं आणि ते खोटं म्हणवत नाही.

पण क्लबाचा एक रिवाज होता. जिंकलेली जर्सी धुवायची नाही. घामाबरोबर नशीबही मोरीत जातं म्हणे. जिंकलं की बॅग तशीच क्लबाच्या खोलीतल्या खुंटीला लटकायची आणि पुढच्या रविवारी पोरं त्याच कडक झालेल्या जर्सी अंगात घालायची. एके वर्षी ओळीनं पाच मॅच जिंकल्या, तेव्हा हात मिळवायला आलेल्या अंपायरनं नाकाला रुमाल लावला होता. बरोबरी झाली तर काय करायचं यावर कमिटीत दोन वर्षं वाद चालला. शेवटी अंबूबाईनंच तो मिटवला. म्हणाली, "पाण्यातून काढते, साबण नाय लावत." सगळ्यांना पटलं. आजही तो कायदा आहे.

म्हणजे हिशेब सोपा. टीम जिंकली तर अंबूबाईकडे कुणी येणार नाही. टीम हरली तर येणार, चहा पिणार, मान खाली घालून बसणार. गेले सात सीझन ती बॅग जवळजवळ दर रविवारी येत होती. यंदा आठ मॅच झाल्या. सात हरलेल्या आणि एक नुसती पाण्यातून काढलेली.

टीम का हरते हे सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नव्हती. बाकीच्या क्लबांची पोरं नकली गवताच्या निळ्या टर्फवर सराव करायची, वालदेवीची मुरमावर. पोरं म्हणायचं ती सुद्धा बाप्ये झालेली. कॅप्टन मनोज अंबडच्या एका कारखान्यात शिफ्टवर. तिसरी पाळी असली की गेटातून सरळ मैदानावर यायचा, लाल डोळ्यांनी. जी चांगली खेळायची ती दुसऱ्या क्लबांनी उचलली. उरले ते जाण्यासारखे नव्हते म्हणून उरले, असं गावातली टवाळ माणसं म्हणायची. अंबूबाई म्हणायची, राहायचं म्हणून राहिले. दोन्हींत थोडं थोडं खरं असावं.

एवढं सगळं करून अंबूबाईनं या टीमची एकही मॅच पुरी बघितलेली नव्हती. एकच बघितली होती अर्धी, तीही तेहेतीस वर्षांपूर्वी.

एक्याण्णव साल. जिल्ह्याची फायनल. चांदवडकडच्या कांद्याच्या वावरातून आलेली एकोणीस वर्षांची अंबू, हिरवी साडी नेसून, जावेच्या मागं मागं मैदानावर गेली. खेळातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. नवरा पायाला गाद्या बांधून जाळीपुढं उभा आहे एवढंच तिनं बघितलं आणि एवढ्या लोकांत आपला माणूस सगळ्यांत जाड दिसतो म्हणून तिला लाजही वाटली आणि हसूही आलं. लोक मध्येच ओरडायचे, टाळ्या पिटायचे. मध्यंतराला बारकू घाम पुसत तिच्याकडे आला आणि म्हणाला, "घरी जा, शिरा टाक. सगळ्यांना घेऊन येतो." ती उड्या मारत घरी आली. साजूक तुपातला शिरा केला, वर बदाम लावले. तीन तासांनी अकरा माणसं दारात आली ती मेल्यासारखी. बारकू चपला काढता काढता म्हणाला, "तू आलीस आणि हरलो." शिऱ्याला कुणी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या म्हशीनं खाल्ला.

बारकूनं ते वाक्य पुन्हा कधी उच्चारलं नाही. गरजच पडली नाही. त्यानंतर अंबूबाईनं मैदानाचं तोंड बघितलं नाही. भाजी आणायला सुद्धा ती लांबचा रस्ता धरायची, कारण जवळचा मैदानाला घासून जायचा. बारकूच्या नावानं लोकांनी गोष्टी सांगाव्यात असा तो गोलकीपर झाला. याच मैदानावर सिन्नरच्या मॅचमध्ये त्यानं अडवलेला पेनल्टी स्ट्रोक तर ज्यानं बघितला तो अजून सांगतो, आणि ज्यानं बघितला नाही तोही सांगतो. अंबूबाईनं तो ऐकला. बारा वर्षांपूर्वी बारकू हृदयविकारानं गेला, तेव्हा दहाव्याला नदीकाठी पुरुष माणसं त्याच स्ट्रोकबद्दल बोलत होती आणि ती मनात म्हणत होती, मला सोडून सगळ्यांनी बघितला.

तर यंदाच्या फेब्रुवारीतला शेवटून दुसरा रविवार. बॅग आली. घेऊन आला पुंजाराम.

पुंजाराम बारकूच्या पुढं फुल बॅकला खेळायचा. आता पासष्टीचा, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, पण क्लबाचा सेक्रेटरी, मॅनेजर, चुन्याची फक्की मारणारा, जे म्हणाल ते तोच. त्यानं बॅग मोरीपाशी ठेवली आणि ओट्यावर बसला.

"किती?" अंबूबाईनं विचारलं.

"सहा."

"आपले?"

"आपले कुठले, वहिनी."

तिनं चहा टाकला. लीगची भानगड तिला तोंडपाठ होती. सगळ्यांत खाली राहील तो क्लब लीगच्या बाहेर. पूर्वी खाली दुसरा गट होता, पण त्यात खेळायला क्लबच उरले नाहीत म्हणून तो दोन वर्षांपूर्वी बंद पडला. म्हणजे आता बाहेर तो बाहेरच. शेवटच्या मॅचला नुसती बरोबरी झाली तरी वालदेवी एका पॉइंटानं वर सरकत होती आणि वाचत होती. हरली तर बेचाळीस वर्षांचा क्लब संपला. कमिटीनं तसं बोलूनही ठेवलं होतं.

"पुढच्या रविवारी तरी दारात येऊ नका, भाऊजी," ती कप पुढं करत म्हणाली. हा तिचा नेहमीचा विनोद. पुंजाराम नेहमी हसायचा. आज हसला नाही.

"वहिनी, पुढच्या रविवारी तुम्ही मॅचला या."

"मी? डोकं ठिकाणावर हाय का तुमचं? बरोबरी पाहिजे म्हणता आन् मला बोलावता?"

"सात सीझन तुम्ही घरी बसल्या. काय जिंकलो आपण?"

"म्हणून आता मुद्दाम येऊन हरवू?"

पुंजारामनं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "वहिनी, त्या फायनलला तुम्ही मैदानावर होत्या तोवर आपण दोन-शून्यनं पुढं होतो."

अंबूबाईला आधी काही कळलंच नाही.

"दोन गोल झाले होते आपले. म्हणून तर बारकूनं तुम्हाला शिऱ्याला पाठवलं. जिंकलोच अशा गुर्मीत होतो सगळे. तुम्ही गेल्या आणि दुसऱ्या हाफला तीन खाल्ले. पहिले दोन माझ्यामुळं. माझ्या काठीखालून चेंडू गेला, दोनदा. तिसरा बारकूच्या पायातून. सोपा होता. लहान पोरानं अडवला असता."

"मग..."

"मॅच संपल्यावर खोलीत बसलो. कुणी कुणाकडं बघंना. मीच म्हणालो पहिल्यांदा. आज बाया आल्या होत्या मैदानावर, म्हणालो. बारकूनं मान वर केली. त्यालाही कुणावर तरी टाकायचंच होतं. बस. मी बोललो आणि त्यानं घरी नेलं."

अंबूबाई चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशीच, पण तिच्या तोंडी अजून चूलच होती, तिथं उभी राहिली. हातातला चिमटा तसाच.

"तेहेतीस वर्षं," ती म्हणाली.

"हो."

"यांना माहीत होतं."

"होतं."

"आन् तुम्ही दर रविवारी हितं बसून चहा पीत होता."

तिनं त्याच्या पुढ्यातला कप उचलला. म्हणाली, "उठा आता. जा घरी." इतक्या वर्षांत तिनं कुणाला उठा म्हटल्याचं गल्लीनं ऐकलं नव्हतं. तो चप्पल चाचपडत गेला.

त्या दिवशी जर्सींनी मार खाल्ला. मोरीवर धोपटण्याचा आवाज चार घरं पलीकडे जात होता. एक नंबरची जर्सी, बारकूची, आता कुणी दुसराच घालत होता, पण इतकी वर्षं ती अंबूबाई वेगळी काढून हातानं चोळायची, धोपटणं लावायची नाही. आज तिला सगळ्यांत जास्त तडाखे बसले. मग तिनं ती पिळली, पदराला डोळे पुसले आणि परत एकदा धुतली. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, ही फार अन्यायाची गोष्ट आहे. जिवंत असता तर त्याला तिनं तीन दिवस जेवायला घातलं नसतं, आणि चौथ्या दिवशी तो हसला असता, आणि संपलं असतं.

तिची सून तृप्ती संध्याकाळी कामावरून आली. पाथर्डी फाट्यावरच्या एका दवाखान्यात ती नावनोंदणीला बसायची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, मी लग्न झाल्यापासून सांगतेय तुम्हाला. आपल्या जाण्या-न जाण्यानं काही होत नसतं."

"होत नसतं म्हणायला काय जातं तुझं," अंबूबाई म्हणाली. "मग मी इतकी वर्षं पाळलं ते काय होतं?"

खरं दुखणं हेच होतं. आपण अपशकुनी आहोत हे अंबूबाईनं कधीच गिळून पचवलं होतं. उलट त्यात तिला एक प्रकारचा मान होता. अकरा जण मैदानावर जे करतात ते करतात, पण मी घरी बसते म्हणून ते जिंकतात, असं तिला वाटायचं. चांगल्या काळात दारात बॅग आली नाही की ती एकटीच देवापुढं साखर ठेवायची आणि त्या विजयात आपला वाटा आहे असं समजायची. आता पुंजारामनं अपशकुनाचा डाग पुसला आणि त्याबरोबर तो वाटाही पुसून टाकला. म्हणजे ती उगीच बसली घरी. म्हणजे सिन्नरची मॅच तिला बघता आली असती.

आठवडाभर तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. जावं आणि टीम हरली तर? क्लब बुडाला तो आपल्या पायगुणानं असं सगळे म्हणतील. न जावं आणि टीम हरली तर? मग बघायला उरणारच काही नाही. शुक्रवारी तिनं पोळ्या जाळल्या. शनिवारी जर्सींना इस्त्री करताना सात नंबरच्या बाहीवर पिवळा डाग पाडला. रविवारी सकाळी तिनं कपाटातली मोतिया रंगाची साडी काढली आणि तृप्तीला म्हणाली, "चल. मला एकटीला तिथपर्यंत जाववणार नाय."

मैदान बदललं नव्हतं. तोच तांबूस मुरूम, एका कडेला बाभळी, दुसऱ्या कडेला नव्या इमारतींच्या गॅलऱ्या. पुंजारामनं मारलेल्या फक्कीच्या रेषा वाकड्या होत्या. माणसं सगळी मिळून साठ-सत्तर, त्यातली निम्मी समोरच्या टीमची. त्र्यंबक रोडवरच्या एका ॲकॅडमीची ती टीम, पोरं कशी ताडमाड. अंबूबाई बाभळीखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. पुंजाराम लांबून बघत होता, जवळ आला नाही. वालदेवीची पोरं मैदानावर उतरली आणि तिनं पहिल्यांदा आपण धुतलेल्या जर्सी माणसांच्या अंगावर बघितल्या. इतकी वर्षं दोरीवर वाळताना त्या बघत आलेल्या बाईला हे विचित्रच वाटलं. सात नंबर मनोजचा. बाहीवरचा पिवळा डाग तिला तिथूनही दिसला आणि ती शरमली.

मॅच सुरू झाली. टर्फवर खेळणाऱ्या पोरांना मुरमावरची चेंडूची उडी कळेना. चेंडू त्यांच्या काठीवरून उसळून भलतीकडंच जायचा. दुसऱ्या क्वार्टरला असाच एक उसळलेला चेंडू मनोजला सापडला, तो घेऊन तो जाळीपुढच्या डीमध्ये घुसला आणि त्यानं जो फटका मारला तो जाळीच्या फळीवर असा आदळला की बाभळीवरचे कावळे उडाले. अंबूबाईला टाळ्या कधी वाजवायच्या हे आता कळत होतं. ती वाजवत होती आणि रडत होती.

मध्यंतर. एक-शून्य. वालदेवी पुढं.

आता माणसांची जात बघा. कमिटीतले दोघं-तिघं, जे सकाळी तिला बघून तोंड वळवून गेले होते, तेच आता लगबगीनं आले. "वहिनी, पाणी घ्या. वहिनी, ऊन लागतं का? छत्री धरू?" त्यातला एक जण तर हात जोडून म्हणाला, "फक्त एक करा. मॅच संपेपर्यंत खुर्चीवरनं उठू नका. पायगुण लागलाय आज तुमचा. पदरसुद्धा हलवू नका."

अंबूबाईनं त्याच्याकडे बघितलं. तेहेतीस वर्षांपूर्वी हाच पायगुण होता का, असं तिच्या ओठावर आलं होतं. पण पोरं परत मैदानात उतरत होती, म्हणून ती गप्प बसली. आणि खरं सांगायचं तर पदर हलू नये म्हणून तिनं तो कमरेला खोचूनही टाकला. इतक्या वर्षांची सवय एका आठवड्यात जात नाही.

पुढचा अर्धा तास तिनं कसा काढला ते तिलाच ठाऊक. ॲकॅडमीच्या पोरांना मुरूम कळायला लागला. ती दमत नव्हती. वालदेवीची दमत होती. मनोज तिसऱ्या पाळीवरून आला होता, त्याचे पाय जड झालेले लांबूनही दिसत होते. तिसऱ्या क्वार्टरला त्यांनी एक परत केला. एक-एक. बरोबरी. एवढीही चालणार होती. शेवटचा क्वार्टर पंधरा मिनिटांचा, आणि अंबूबाईनं तृप्तीचा हात असा धरला होता की दुसऱ्या दिवशी तिच्या मनगटावर वळ होते. चौदा मिनिटं झाली. अंपायरनं शिट्टी फुंकली. पेनल्टी कॉर्नर, त्यांचा.

एक नंबर जाळीपुढं उभा राहिला. पांढरी जर्सी, पायाला गाद्या. आत कोण आहे हे अंबूबाई विसरली. ती उठून उभी राहिली. कधी राहिली ते तिचं तिला समजलं नाही.

चेंडू आला, थांबला, आणि एक नंबरच्या पायातून गेला.

शिट्टी झाली. दोन-एक, आणि वेळ संपली. ॲकॅडमीची पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. वालदेवीची जिथं होती तिथं मुरमावर बसली. कुणीतरी मागून म्हणालं, हळूच पण ऐकू जाईल असं, "वहिनी उभ्या राहिल्या ना शेवटी..."

अंबूबाई वळली. तोंड उघडणार, तोच पुंजाराम मध्ये आला. लंगडत, घाईनं.

"कोण म्हणालं?" त्यानं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. "चेंडू पायातून गेला. आम्ही अडवला नाही, म्हणून गेला. तेव्हाही तसंच झालं होतं. मी होतो तिथं. वहिनींचं नाव कुणी काढलं तर याद राखा."

अंबूबाईनं पुंजारामकडे बघितलं. हे तेव्हा बोलायला हवं होतं, असं तिला वाटलं. आणि निदान आता बोलला, असंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी. पण तिच्या मनात सगळ्यांत जास्त खुपत होतं ते दुसरंच. ती आली आणि टीम पुढं गेली. ती बसून राहिली आणि बरोबरी झाली. ती उभी राहिली आणि गोल झाला, आणि ती घरी असती तरी झाला असता. तिच्याशी त्या चेंडूचा काही एक संबंध नव्हता. कधीच नव्हता.

त्या दिवशी बॅग तिच्या घरी कुणी आणली नाही. तिनं ती स्वतःच उचलली. मनोज पुढं झाला, "काकू, राहू द्या आता, कशाला धुता, संपलं सगळं." त्याचे डोळे आधीच लाल, त्यात पाणी.

"घामेजल्यात," ती म्हणाली. "तशाच ठेवल्या तर वास मारतील." आणि खांद्यावर घेतली.

पुढचा रविवार आला. अंबूबाईनं सवयीनं टब भरून ठेवला. एक वाजला, दीड वाजला. दोन वाजले. दारात कुणी आलं नाही. अशा रविवारसाठी तिनं किती वर्षं हात जोडले होते. कुणी आलं नाही म्हणजे जिंकलो, हा तिच्या अंगात मुरलेला हिशेब, आणि क्षणभर तिला खरंच तसं वाटलंही. मग टबातलं पाणी तिनं तुळशीला आणि कढीपत्त्याला ओतलं, सोळा पांढऱ्या जर्सी घड्या घालून बॅगेत भरल्या आणि निघाली. या खेपेला जवळच्या रस्त्यानं.

मैदानावर पुंजाराम होता. एकटाच. फक्कीच्या रेषा पुसून गेल्या होत्या. तो जाळीच्या खांबाला टेकून बसला होता. तिला बघून उठायला लागला, पण गुडघ्यांनी वेळ घेतला.

"या कुठं ठेवायच्या?" तिनं विचारलं.

"तुमच्याकडंच ठेवा, वहिनी. मनोज आणि आणखी दोघं दुसरीकडं चाललेत. खोली रिकामी करायची म्हणतात."

तिनं बॅग खाली ठेवली आणि तिच्यावरच बसली. इमारतीच्या गॅलरीत कुणी बाई कपडे वाळत घालत होती. मग अंबूबाई म्हणाली, "भाऊजी, सिन्नरची मॅच. तो यांचा स्ट्रोक. कुठं उभे होते हे?"

"कुठं म्हणजे?"

"नेमकं कुठं. दाखवा मला."

पुंजाराम तिच्याकडे बघत राहिला. त्याला सगळं कळायला थोडा वेळ लागला. मग तो लंगडत जाळीच्या मधोमध गेला आणि तिच्याकडे तोंड करून उभा राहिला. "इथं. गुडघे असे वाकवून. काठी उजव्या हातात." त्यानं गुडघे वाकवायचा प्रयत्न केला आणि कळवळला, पण वाकवले. "समोर त्यांचा सेंटर हाफ. लय उंच होता. शिट्टी झाली. चेंडू वर गेला, या कोपऱ्यात, डाव्या. सगळ्यांनी सोडून दिला होता. मी तर डोळेच मिटले. आणि बारकू, एवढा जाड माणूस, वहिनी, असा..."

त्यानं डावा हात वर फेकला आणि तोल जाऊन गुडघ्यावर पडला. मुरूम उडाला. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर तांबडा पट्टा उमटला. अंबूबाई उठली नाही. बसून बघत राहिली.

"उठा," ती म्हणाली, "परत दाखवा. आन् सिन्नरची झाली की त्याच्या आदल्या वर्षीची. माझं लग्न झालं तिथनं सगळ्या."

पुंजाराम खांबाला धरून उठला, सदरा झटकला आणि परत जाळीच्या मधोमध जाऊन उभा राहिला.